आकांक्षाताईंच्या नावावर

वर्षालीनं साडीचा पदर दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात धरला आणि त्यावर अस्तराच्या कापडाची घडी ठेवून पाहिली. मोरपंखी रंग ट्यूबलाइटखाली एक दिसतो, उन्हात दुसरा. मॅचिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईनं ट्यूबलाइटवर विश्वास ठेवला की भर लग्नात बोंब झालीच म्हणून समजा. आत स्टुलावर बसलेल्या रुख्माबाईंना मात्र रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या साडी घेऊन आल्या होत्या खऱ्या, पण पोटात बातमी मावत नव्हती.

"तुले मालूम पडलं का नाई, वर्षाली? अनुसयाबाईनं सेल पदराले बांधले म्हणे."

"कायचे सेल?"

"कानाच्या मशीनचे, अजून कायचे? निजते तरी पदर मुठीत धरून निजते. सुनेवरचा भरोसाच उठला बुढीचा. पोरगी आलती ना हिंगणघाटवरून, तिनं तं भर अंगणात इचारलं आकांक्षाले, काऊन वो, माह्या मायच्या कानातले सेल तू काढत होती का?"

"मंग? काय म्हणे आकांक्षाताई?"

"म्हणते, काल्पनिक हाय ते. काल्पनिक असं असते का वो? बुढी कशी मुंडी हालवते, आयकू येत नाई तरी कशी हसल्यासारखं करते... पाहिल्याबिगर असं लिवताच येत नाई. माह्या तं अंगावर काटा आला वाचून. बाई नोहे ते, डाकीण हाय!"

वर्षालीनं पदराची घडी सावकाश घातली. आतून तिला गुदगुल्या होत होत्या आणि चेहरा सरळ ठेवताना गाल दुखायला लागले होते.

"एवढं जमलं हाय ते?" तिनं विचारलं.

"जमलं म्हणजे! ते बाई डोळ्यापुढून हालत नाई ना, बाप्पा."

त्या दिवशी वर्षालीनं रुख्माबाईंच्या साडीला हातोहात पिको करून दिला, वरून समोरच्या टपरीवरून आल्याचा चहा मागवून पाजला. पाजण्यासारखंच होतं. कारण ती डाकीण वर्षालीची होती.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी वर्षालीनं गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. नवा माल आला की ब्लाउजपीसचे, लेसचे, लटकनचे फोटो त्यावर टाकायचे. दुपारी दुकानात माशा मारायची वेळ आली की ती काउंटरमागे बसून मोबाइलवर काहीबाही लिहायची. एकदा धाडस करून एक पूर्ण गोष्टच तिनं फोटोंच्या खाली टाकली. गोष्ट एका सुनेची, आणि सून स्वतःच सांगते आहे, 'मी' म्हणून. ही 'मी' रोज सकाळी सासूच्या कानाच्या मशीनमधला सेल काढून ठेवते आणि दिवसभर तिच्यापुढे आवाज न काढता नुसते ओठ हलवते. आपण ठार बहिऱ्या झालो हे कोणाला कळू नये म्हणून सासू प्रत्येक गोष्टीला मान डोलावते. शेवटी एक दिवस सुनेला सासूच्या उशीखाली नव्या सेलचं पाकीट सापडतं. म्हातारीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. सुनेचा आवाज ऐकण्यापेक्षा तिला बहिरेपण गोड वाटत होतं.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. वर्षालीची स्वतःची सासू, देवकाबाई, ओट्यावर बसून डेपोत शिरणाऱ्या बसचा हॉर्न ओळखायची आणि कंडक्टर लेकाची गाडी असली की वरणाला फोडणी द्यायला सांगायची. वर्षालीनं ती सून आणि ती सासू हवेतून काढली होती. कशी काढली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आता आर्वीच्या बायकांची एक पक्की समजूत आहे, की व्हॉट्सॲपवर चार ओळींपेक्षा लांब काही आलं म्हणजे ते फॉरवर्डच असणार. ते कोणी लिहिलेलं असतं, तेही इथल्याच कोणी, काउंटरमागे बसून, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. गोष्ट वाचून बायकांनी रडकी तोंडं टाकली, हात जोडले, आणि पुढे ढकलून दिली. पंधरा दिवसांनी ती फिरून वर्षालीच्याच फोनवर आली, अमरावतीच्या मामेबहिणीकडून. खाली लिहिलं होतं, 'अनामिक'. वर्षालीला त्या दिवशी रागसुद्धा आला नाही. उलट आपलं लेकरू एकटं अमरावतीपर्यंत जाऊन आलं, असंच वाटलं तिला.

शहाणपण नंतर आलं. तिनं फेसबुकवर स्वतःच्या नावाचं पान उघडलं आणि पुढच्या सगळ्या गोष्टी तिथं टाकल्या. वाचणारे वाढले, कुठून कुठून लिहायला लागले. ती पहिली गोष्ट मात्र तिनं पानावर कधीच टाकली नाही. एव्हाना ती इतक्या ठिकाणी फिरली होती, की वर्षालीनं टाकली असती तर लोक म्हणाले असते, बाई फॉरवर्ड उचलून आपल्या नावावर खपवते.

खपवली ती आकांक्षाताईंनी. आकांक्षाताई म्हणजे बाजार समितीतल्या कापसाच्या मोठ्या अडत्याची बायको, मराठीत एम. ए., गावातल्या महिला साहित्य मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्याकडे ती गोष्ट कुठल्याशा ग्रुपवरून आली, बेवारस. त्यांनी शुद्धलेखन नीट केलं, दोन ठिकाणी 'व्याकुळ' घातलं आणि नागपूरच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. अंकानं ती पहिल्या पानांत छापली, आकांक्षाताईंच्या फोटोसकट.

मंडळानं सत्कार ठेवला. वर्षालीलाही बोलावणं होतं. सत्काराच्या जांभळ्या साडीचं ब्लाउजपीस तिच्याच दुकानातून गेलं होतं. धनंजय सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, सगळ्या सत्कारांचे कायमचे अध्यक्ष, त्यांनी माइकवरून गोष्टीचा पहिला परिच्छेद वाचला आणि मागच्या रांगेतली वर्षाली ताडकन उभी राहिली.

"सर, हे गोष्ट माही हाय."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "असं का? काही पुरावा?"

पुरावा जुन्या फोनमध्ये होता आणि जुना फोन नवऱ्याच्या, कैलासच्या, हातून एसटीच्या चाकाखाली गेला होता. वर्षालीनं आजूबाजूला पाहिलं. ग्रुपवरच्या निम्म्या बायका तिथं बसल्या होत्या. काहींना आठवत नव्हतं. ज्यांना आठवत होतं त्यांच्या नवऱ्यांचा कापूस आकांक्षाताईंच्या अडतीत उतरत होता. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली.

मग आकांक्षाताईंनी माइक हातात घेतला. चिडल्या नाहीत, हेच तर त्यांचं कसब. हसून म्हणाल्या, "वर्षाली आपली घरचीच मुलगी आहे. तिच्यावर रागावू नका. गोष्ट चांगली असली, की प्रत्येक बाईला ती आपलीच वाटते. यापेक्षा मोठा सत्कार लेखिकेचा कोणता?"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्या टाळ्यांत वर्षाली उभीच होती, कारण बसायचं कसं हे तिला सुचेना.

पुढचा महिनाभर दुकानात येणारी प्रत्येक बाई काहीतरी उचलून विचारायची, "काय वो लेखिकाबाई, हे लेस बी तुमचीच का?" आणि हसायची. पाठ फिरली की म्हणायची, जळते आकांक्षाताईवर. वर्षालीही हसायची, गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. पण त्या महिन्यात तिच्या हातून कापड दोनदा तिरपं कापलं गेलं. तिला आकांक्षाताईंचं वाईट व्हावंसं वाटत होतं. थोडंथोडकं नाही, त्यांनी भर सभेत उभं राहावं, बसायचं कसं ते त्यांना सुचू नये, आणि आपण समोरच्या रांगेत असावं, इतकं स्पष्ट तिला ते दिसायचं.

देवानं ऐकलं म्हणायचं, की आर्वीनं? सत्काराच्या गडबडीत अंक कोणी वाचला नव्हता. नंतर हळूहळू वाचला. आणि आर्वीत 'मी' म्हणजे मीच. छापलेल्या 'मी'च्या वर ज्या बाईचा फोटो असतो तीच ती. त्यातून आकांक्षाताईंच्या सासूला, अनुसयाबाईंना, खरोखरच कमी ऐकू यायचं, आणि पावसाळ्यापासून त्यांचं मशीन खरोखरच मध्येच बंद पडायचं. मग काय, दोन अधिक दोन करायला एम. ए. लागत नाही. लेक हिंगणघाटवरून आली, तिनं अंक आईच्या कानाशी धरून ओरडून वाचला, निम्म्या गल्लीनं ऐकला. तेव्हापासून अनुसयाबाई वेगळी चूल मांडून होत्या. मंडळातल्या बायका आकांक्षाताईंकडे हळदीकुंकवाला जाईनात. अडत्या नवरा जेवायलाही अडतीतच डबा मागवतो, असं रुख्माबाईंचं म्हणणं.

वर्षालीला यातला प्रत्येक शब्द दोनदा गोड लागायचा. एकदा आकांक्षाताईंना लागतो म्हणून, आणि एकदा स्वतःच्या लिखाणासाठी. 'पाहिल्याबिगर असं लिवताच येत नाई' हे वाक्य तर तिनं मनाशी कितीदा घोळवलं असेल. एवढी दाद तिला तिच्या नावावर कधी मिळाली नव्हती.

याच सुमारास पुण्याहून फोन आला. एका प्रकाशन संस्थेच्या संपादक मॅडम दिवाळीआधीपासून तिच्या पानावरच्या गोष्टी वाचत होत्या. त्यांनी बारा निवडून मागवल्या होत्या, त्यावर खुणा करून परत पाठवल्या होत्या, वर्षालीनं त्या दुपारी-दुपारी बसून दुरुस्त केल्या होत्या. लाइकांच्या पुरात कोणी कधी तिला सांगितलं नव्हतं, की या वाक्यात तुम्ही घाबरलात आणि पळालात. मॅडमनी सांगितलं. वर्षाली त्यांच्यावर लट्टू होती.

"संग्रह चांगला होतोय," मॅडम फोनवर म्हणाल्या. "पण खरं सांगू? पुस्तक ज्या गोष्टीवर उभं राहावं, ती गोष्ट अजून यात नाही. आमच्याकडे नव्या लेखिकेची या वर्षी एकच जागा आहे आणि आणखी एक हस्तलिखित समोर आहे. तुमच्याकडे एखादी ठेवणीतली असेल तर सोमवारपर्यंत पाठवा."

ठेवणीतली एकच होती, आणि ती आकांक्षाताईंच्या नावावर होती.

दोन दिवस वर्षालीनं नवी लिहून पाहिली. पंगतीत उरलेल्या पुरीसारखी वातड झाली. तिसरी पुसून टाकल्यावर तिनं कैलासला सांगितलं. कैलास एसटीत कंडक्टर. सगळ्या भांडणांत आधी दोघांना बसायला लावायची त्याची सवय.

"सांगून टाक ना मंग, तुहीच हाय म्हणून," तो बूट काढत म्हणाला. "आता तं आकांक्षाताई बी नाई म्हणणार नाई. तिच्या गळ्याशी आलं हाय."

"त्या दिवशी कोणी मानलं?"

"त्या दिवशीचं सोड. तुले पुस्तक पाह्यजे का तिची जिरवाची हाय?"

वर्षालीला दोन्ही पाहिजे होतं, आणि यात काय चूक ते तिला कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी दुकानासमोर गाडी थांबली. मागच्या सीटवर अनुसयाबाई बसलेल्या दिसत होत्या. आकांक्षाताई एकट्याच उतरून आत आल्या. एरवी बांगडीपासून चपलेपर्यंत सगळं मॅच करणारी बाई, पण आज साडीवर कुठलंसं भलतंच ब्लाउज होतं. त्या काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि समोर पडलेला एक ब्लाउजपीस हातात घेऊन चुरगाळू लागल्या.

"वर्षाली, त्यांना सांग. एवढंच सांग, की ती गोष्ट तू लिहिली."

"मी? मी तं जळते ना तुमच्यावर."

"माझं चुकलं. मला खरंच वाटलं होतं, फॉरवर्ड आहे, त्याला कोण मालक असणार? तू उभी राहिलीस तेव्हा कळलं मला. पण तेव्हा माइक हातात होता ना गं." त्यांचा आवाज चिरकला आणि मंडळातली भाषा गळून पडली. "अंकवाल्यायले लिहून देते. मंडळात उभी राहून सांगते, चोरली म्हणून. तुही गोष्ट तू घे. तुह्या नावावर छाप, पुस्तकात टाक. पण त्यायले सांग."

"तुमी सांगा ना. मी का तुमचं तोंड धरलं?"

"सांगतलं! देवाची शपथ घेऊन सांगतलं. कोणी मानत नाई. म्हणते, अंगावर आलं तं दुसरीच्या गळ्यात टाकून राह्यली. सासूबाई म्हणते, वर्षालीच्या तोंडून आयकीन तवाच मानीन. ते पोरगी त्या दिवशी एकटी उभी राह्यली होती, म्हणे, ते खोटं नाई बोलणार." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "हातचं पाणी पीत नाई वो त्या माह्या. मी त्यायच्या कानाले हात बी नाई लावला कधी."

वर्षालीनं हे सगळं ऐकून घेतलं. तिला जे जे हवं होतं ते तिच्याच काउंटरवर येऊन पडलं होतं. गोष्ट, नाव, पुस्तक, भर मंडळात कबुली. फक्त 'हो' म्हणायचं होतं. कैलास असता तर म्हणाला असता, बस आली दारात, चढ.

पण 'हो' म्हटलं की आकांक्षाताई सुटणार होत्या. चोरी केली म्हणून लोक चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी म्हणतील, मोठ्या मनानं कबूल केलं हो बाईनं, आणि कबुलीच्याच कार्यक्रमात धनंजय सर त्यांना पुन्हा नारळ देतील. चोर धुऊन निघतो. डाकीण निघत नाही. आणि वर्षालीला, खरं तेच सांगायचं तर, आकांक्षाताईंच्या हातात तो चुरगाळलेला ब्लाउजपीस बघताना जे सुख होत होतं, ते अजून पुरतं भोगून झालं नव्हतं.

"बोलवा काकूले," ती म्हणाली.

आकांक्षाताईंचा चेहरा असा उजळला, की क्षणभर वर्षालीला त्यांची कीव आली. क्षणभरच.

अनुसयाबाई पायरी चढून आल्या. नऊवारीचा पदर डाव्या मुठीत, त्याच्या टोकाला गाठ. आकांक्षाताईंनी स्टूल पुढे केलं. म्हातारी त्यावर न बसता काउंटरला टेकून उभी राहिली. कानामागचं मशीन तिनं बोटानं दाबून बसवलं.

"पोरी, ते गोष्ट तूनं लिवली का वो? खरं सांगजो."

वर्षाली काउंटरवरून वाकली. म्हाताऱ्या डोळ्यांत इतकी आशा होती, की ती बघून कोणीही विरघळलं असतं. सुनेवर पुन्हा विश्वास ठेवता यावा म्हणून आलेली बाई होती ती. वर्षालीला हे दिसलं. दिसूनही ती मोठ्यानं आणि स्पष्ट म्हणाली, "नाई, काकू. माही नाई ते."

"त्या दिवशी तं तू उभी राह्यली होती."

"मले तसं वाटलं होतं. गोष्ट चांगली असली का हरेक बाईले आपलीच वाटते." हे म्हणताना ती अनुसयाबाईंकडे बघत नव्हती.

आकांक्षाताईंनी हातातला ब्लाउजपीस खाली ठेवला आणि तो नीट करायचा म्हणून त्यावरून तळहात फिरवत राहिल्या.

म्हातारी मान डोलावून स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तं मंग माह्यावरचीच होय ते."

तिला धरायला सून पुढे झाली, तिचा हात तिनं झटकला. पायरी उतरताना मात्र तोल गेला, तेव्हा वर्षालीच धावली. अनुसयाबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि उतरल्यावरही सोडलं नाही.

"खरं बोलली, माय. सुखी राह्य. आजकाल कोणी खरं बोलत नाई."

गाडी गेल्यावर वर्षालीनं मनगट पदराला पुसलं, उगाचच. बाकी तिला फार बरं वाटत होतं. सत्काराच्या दिवशी तिला बसायचं सुचलं नव्हतं, आज ती स्टुलावर ऐसपैस बसली. संध्याकाळी तिनं घरी शेवभाजी केली आणि कैलासनं विचारलं, आज काय हाय, तर म्हणाली, काही नाई, मन झालं.

सोमवारी मॅडमचा फोन आला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं लेसचे रीळ उलगडत होती. वर्षाली फोन घेऊन मागच्या दाराशी गेली.

"गोष्ट नाही आली तुमची," मॅडम म्हणाल्या.

"नाही जमली, मॅडम. लिहिली, पण तुम्हाला पाठवण्यासारखी नाही झाली."

"एक विचारू? परवा नागपूरच्या एका दिवाळी अंकात गोष्ट वाचली. कानाचं मशीन, सासू-सून. नाव तुमच्याच गावच्या कोणा बाईंचं आहे. पण वर्षाली, मी सहा महिने तुमची वाक्यं वाचतेय. वाक्य मध्येच सोडून द्यायची तुमची सवय मला माहीत आहे. त्या गोष्टीत दोन-तीन ठिकाणी कोणीतरी गोड शब्द कोंबलेत, ते काढले तर खाली तुमचा हात दिसतो. ती तुमची आहे का?"

वर्षालीनं दाराच्या चौकटीला धरलं. भर सभेत तिला पुरावा मागितला होता, आणि इथं एका बाईनं दोनशे कोस लांबून, पुराव्याशिवाय, तिला ओळखलं होतं. एवढं कोणी ओळखावं म्हणूनच तर ती इतकी वर्षं काउंटरमागे बसून लिहीत होती.

"तुमची असेल तर सांगा," मॅडम म्हणाल्या. "मी अंकवाल्यांशी बोलते, त्या बाईंशी बोलते, पुढचं सगळं माझ्यावर सोडा. ती आली तर पुस्तक आजच ठरलं."

मॅडम त्या बाईंशी बोलणार. त्या बाई आनंदानं लिहून देणार. पुस्तकात छापून येणार, की गोष्ट वर्षालीची. आणि मग आर्वीत ते पुस्तक कोणीतरी अनुसयाबाईंच्या कानाशी धरून वाचणार.

"नाही, मॅडम," वर्षाली म्हणाली. "ती आकांक्षाताईंचीच आहे. त्यांच्या घरातलंच आहे ते सगळं. गावात कोणालाही विचारा."

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. आता तो कामाचा होता. "मग चूक माझीच. तुम्हाला स्पष्ट सांगते, वर्षाली, तुमचा संग्रह आपण या वर्षी थांबवू. जागा एकच आहे आणि ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी आधी त्या बाईंना विचारते, त्यांच्याकडे अशा आणखी आहेत का. त्यांचा नंबर आहे तुमच्याकडे?"

दुकानातून गिऱ्हाइकाची हाक आली. वर्षालीनं, थांबा वो, आलीच, असं म्हटलं आणि ती तिथंच उभी राहिली. आत्ता, या क्षणीही, एका शब्दानं सगळं फिरवता आलं असतं. तिनं डोळे मिटले. तिला आकांक्षाताईंचं स्वयंपाकघर दिसलं, फोन वाजलेला दिसला, पुण्याची गोड, कडक भाषा ऐकू आली. आणखी आहेत का? दहा-बारा तरी लागतील. कधीपर्यंत पाठवता? आकांक्षाताई शपथ घेऊन नाही म्हणतील, आणि वर्षालीनंच नाकारल्यावर मॅडमही मानणार नाहीत.

"आहे ना," ती म्हणाली. "लिहून घ्या."

खोटा आकडा सांगणं सोपं होतं, पण मग फोन आकांक्षाताईंपर्यंत पोचला नसता. तिनं नंबर बरोबर सांगितला आणि मॅडमकडून एकदा परत म्हणवून घेतला.